पहिलं टर्नटेबल: आधी ट्रंक उघडा, मग खिसा

पहिलं टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, घ्यायचं मनात आलं की माणूस मोबाइलवर किमती चाळायला लागतो आणि तासाभरात त्याचं डोकं भणभणायला लागतं. कोणी म्हणतं बेल्टचंच घ्या. कोणी म्हणतं बेल्टचं चुकूनही घेऊ नका. कोणी छातीठोकपणे सांगतं की चाळीस हजारांच्या खाली जे मिळतं ते रेकॉर्ड्स खरवडायचं यंत्र. या गदारोळात एक साधा प्रश्न राहून जातो: तुम्ही वाजवणार काय आहात?

इंटरनेटवरचा बहुतेक सल्ला अमेरिका-युरोपातल्या ग्राहकासाठी असतो. तो दुकानात जातो, नवी कोरी एलपी आणतो, वाजवतो. आपल्याकडे टर्नटेबलची आठवण होते ती बहुधा वाडा पाडायला काढला आणि आजोबांची ट्रंक खाली आली म्हणून, किंवा घर बदलताना मावशीचा फोन आला म्हणून: "तुला हव्यात का सांग, नाहीतर रद्दीवाल्याला देते." त्यामुळे आपली खरेदी त्या ट्रंकेपासून सुरू व्हायला हवी. आत काय आहे त्यावर यंत्र ठरतं.

ट्रंकेत काय निघालं?

ढोबळमानाने तीन प्रकारच्या तबकड्या निघतात. पहिली एलपी: १२ इंची, मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे, बोलताना नुसतं तेहतीस. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने ती १९४८ साली आणली. एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मावतात, म्हणून एखादा राग पसरून गायला जागा मिळाली. दुसरी ७ इंची, मिनिटाला ४५ फेऱ्यांची. ती आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये काढली. आपल्याकडे यातली ईपी घरोघर होती: बाजूला दोन, एकूण चार गाणी. भावगीतं, भक्तिगीतं, सिनेमाची गाणी याच आकारात भरपूर सापडतील. ७ इंची म्हणजे ४५ असं मात्र डोळे मिटून धरू नका; काहींवर ३३ छापलेलं असतं. लेबल वाचा.

तिसरा प्रकार खरा घोटाळा करतो. १० इंची, हाताला जड, कडा जाड, आणि खाली पडली की खापरासारखी फुटणारी तबकडी. ही ७८ फेऱ्यांची. ती प्लास्टिकची नसून लाख आणि दगडाची पूड यांच्या मिश्रणाची असते. एका बाजूला तीन, फार तर साडेतीन मिनिटं. रंगभूमीवर वन्समोअर घेत रंगणारी बालगंधर्वांची पदं तबकडीवर चटकन आटोपल्यासारखी वाटतात, त्याचं कारण हे. पश्चिमेत ७८ची तबकडी १९५०च्या दशकाअखेर जवळपास संपली. भारतात मात्र ती साठच्या दशकाच्या शेवटापर्यंत निघत राहिली, कारण गावोगावी चावीचे ग्रामोफोन होते आणि त्यांना वीज लागत नव्हती. बीटल्सची गाणीसुद्धा इथे ७८वर निघाली आणि जगभरचे संग्राहक आज त्या भारतीय तबकड्यांच्या मागे असतात.

म्हणून परदेशी सल्ल्यात '७८चा वेग नसला तरी बिघडत नाही' असं वाचलं, तर ते त्यांच्यापुरतं खरं. तुमच्या ट्रंकेत एलपी आणि ईपीच असतील तर तुम्ही सुटलात. दोन वेगांचं कुठलंही बरं यंत्र चालेल. अर्धी ट्रंक ७८ची असेल तर गणित बदलतं, आणि ते नुसत्या वेगाचं नाही.

सुईच्या टोकाशी

एलपीच्या एका बाजूवर एकच खाच असते, बाहेरून आत गुंडाळत गेलेली. ती उलगडून सरळ केली तर साधारण पावणेपाचशे मीटर भरेल. खाचेचा छेद इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा आणि रुंदी केसापेक्षाही कमी. दोन्ही भिंतींवर सूक्ष्म चढउतार कोरलेले असतात: एका भिंतीवर डाव्या स्पीकरचा आवाज, दुसरीवर उजव्या. सुईचं टोक दोन्ही भिंतींना टेकून धावतं आणि थरथरतं. सुई एका बारीक दांडीच्या टोकाला असते. दांडीच्या दुसऱ्या टोकाला इवलासा चुंबक, शेजारी तांब्याच्या तारेचं वेटोळं. चुंबक हलला की तारेत वीज निर्माण होते. हे सगळं ज्या डबीत बसतं ती कार्ट्रिज. गाणं म्हणजे एवढंच, तीन-पाच मिलिव्होल्ट वीज.

आता ७८ची भानगड. एलपीच्या सुईचं गोल टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचं असतं. ७८च्या सुईचं ७५च्या आसपास, म्हणजे चौपट जाड, कारण खाचच तेवढी रुंद आहे. एलपीची सुई ७८वर टेकवली की बैलगाडीच्या चाकोरीत सायकल घातल्यासारखं होतं: भिंतींना स्पर्शच नाही, चाक तळातल्या मातीत घसपटत जातं. त्या तळाशी ऐंशी वर्षांचा कचरा. खरखर ऐकून लोक म्हणतात, "रेकॉर्ड गेली." पुष्कळदा ती शाबूत असते, सुई चुकीची असते. स्वस्त प्लेयरच्या खोक्यावर 'तीन वेग' असं ठळक छापलेलं दिसतं, पण आत सुई एकच, एलपीची. मोटर ७८ने फिरते इतकंच काय ते खरं.

आणखी एक गोष्ट समजून घेतली की पुढची खरेदी सोपी होते. खाच कोरताना खर्जाचा आवाज जसाच्या तसा कोरला तर ती इतकी डुलेल की शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून कोरताना खर्ज दाबतात आणि तार सप्तकातले उंच सूर उचलतात. उंच सूर उचलल्यामुळे वाजवताना येणारी खसखसही कमी होते. हे नेमकं किती करायचं याचं सर्वमान्य माप १९५४ पासून रूढ झालं, त्याला आरआयएए म्हणतात. वाजवताना हे उलटं करून आवाज पूर्ववत करावा लागतो आणि ती चिमूटभर वीज शंभरेक पट वाढवावी लागते. हे काम फोनो प्रीअँप करतो. टर्नटेबल थेट स्पीकरला जोडलं आणि लांबून रेडिओ लागल्यासारखा पिचका, खर्ज नसलेला आवाज आला, तर यंत्र बिघडलेलं नाही, मध्ये प्रीअँप नाही. हल्ली बजेटातल्या बहुतेक यंत्रांत तो आतच असतो. मागच्या बाजूला फोनो आणि लाइन असं बटण दिसेल. आतलाच वापरायचा असेल तर ते लाइनवर ठेवायचं. वेगळा घ्यायची वेळ आली तरी साधा प्रीअँप दोन-तीन हजारांत मिळतो.

पैसा कुठे जायला हवा

माझं मत सरळ आहे. हातात पैसे मोजके असतील तर ते रेकॉर्डला जे टेकतं तिथे जाऊ द्या: सुई, कार्ट्रिज आणि त्यांना धरणारा हात, म्हणजे यंत्राची लांब दांडी. लाकडी पेटी, पितळी कडी, निळे दिवे, आतले स्पीकर यांतलं काहीही खाचेपर्यंत पोचत नाही.

या कसोटीवर सूटकेसच्या आकाराचे प्लेयर नापास होतात. पाच-सात हजारांत मिळतात, दिसतात झकास, लग्नाच्या वाढदिवसाला देतात. त्यांत चुंबकाच्या ऐवजी सिरॅमिक कार्ट्रिज असते. ती जास्त वीज देते, म्हणून प्रीअँपचा खर्च वाचतो, पण तिची सुई ताठर असते आणि नीट धावायला तिला पाच-सहा ग्रॅमचं वजन लागतं. चांगली चुंबकी कार्ट्रिज दोन ग्रॅममध्ये भागवते. शिवाय कित्येकांत सुईचं टोक कृत्रिम नीलमाचं असतं. ते पन्नासेक तासांत झिजतं, तर हिऱ्याचं काहीशे तास टिकतं. झिजलेलं टोक गोल राहत नाही, त्याला धार येते, आणि धारेचं काय होतं ते सांगायला नको.

एक खुलासा मात्र केला पाहिजे. 'सूटकेसवर एकदा वाजवली की रेकॉर्ड बाद' ही अतिशयोक्ती आहे. पाच ग्रॅमने एलपी एका फेऱ्यात मरत नाही. आपल्या आईवडिलांच्या पिढीने याहून जड हातांवर त्याच रेकॉर्ड्स शेकडो वेळा वाजवल्या. कोणी भेट दिलेला असेल तर जुन्या बाजारातल्या वीस रुपयांच्या रेकॉर्ड्स त्यावर खुशाल ऐका. पण स्वतःच्या खिशातून आणि ट्रंकेतल्या ठेव्यासाठी नको. त्यात वजन कमी-जास्त करायची सोय नाही, आणि आतला स्पीकर त्याच पेटीत थरथरत असल्यामुळे मोठ्या आवाजात सुई उड्या मारते. 'त्याची पिन एकाच जागी अडकलीय' असं आपण बोलताना म्हणतो, ते इथे दर दोन गाण्यांनी घडतं.

मग घ्यायचं काय? नव्या यंत्रांत तंग खिशासाठी माझा कौल ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी६०एक्सला. किमती सतत हलतात, पण पंधरा ते वीस हजारांच्या पट्ट्यात ते साधारण सापडतं. चुंबकी कार्ट्रिज, हिऱ्याची सुई, आत प्रीअँप. सुईचं वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, कारखान्यातून ठरवून आलेलं, म्हणजे साधारण रुपयाच्या नाण्याइतकं. बटण दाबलं की हात आपोआप उचलला जातो, रेकॉर्डवर जातो आणि बाजू संपली की परत जागेवर येतो. जाणकार लोक या आपोआपपणाला नाकं मुरडतात. घरात सत्तरीतले वडील ऐकणार असतील, त्यांचा हात कापत असेल, किंवा दुपारी रेकॉर्ड लावून तुम्हाला डुलकी लागत असेल, तर याच्यासारखी सोय नाही. हातातून निसटलेली सुई सुटकेसच्या पाच ग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त नुकसान करते.

त्याच्या मर्यादाही ऐकून घ्या. कार्ट्रिज हाताला कायमची जोडलेली आहे. सुई बदलता येते, कार्ट्रिज नाही. वजन बदलता येत नाही. ७८चा वेग नाही. म्हणजे दोन वर्षांनी हौस वाढली तर यातच सुधारणा करत जाता येणार नाही, ते विकून दुसरं घ्यावं लागेल. नावाजलेल्या यंत्राला जुन्या बाजारात गिऱ्हाईक मिळतं, हे त्यातल्या त्यात बरं.

ट्रंकेत ७८ भरपूर असतील आणि थोडं थांबून पैसे साठवायची तयारी असेल, तर त्याच कंपनीचं एटी-एलपी१२०एक्स पाहा. किंमत दुपटीच्या घरात किंवा पुढे. तीनही वेग, हाताच्या मागच्या टोकाला फिरवून बसवायचं वजन, पुढचं टोक काढून दुसरं लावायची सोय. त्यावर येणाऱ्या व्हीएम९५ मालिकेच्या कार्ट्रिजची गंमत अशी की बॉडी तीच ठेवून नुसती सुई बदलता येते, आणि त्या मालिकेत ७८साठी जाड टोकाची सुईसुद्धा आहे. दोन ग्रॅमची सुई काढली, ७८ची लावली, वजन पाच ग्रॅमवर नेलं, झालं. एलपी लावायच्या आधी सगळं उलटं करायचं, तेवढं विसरू नका.

बेल्ट की डायरेक्ट यावर लोक रात्र-रात्र भांडतात. बेल्टच्या यंत्रात मोटर बाजूला असते आणि रबरी पट्टा तबक, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची थाळी, फिरवतो. पट्टा काही वर्षांनी सैल पडतो, स्वस्तात बदलता येतो. डायरेक्टमध्ये मोटर तबकाच्या खालीच असते, वेग लगेच पकडते, डीजे म्हणून ते वापरतात. आपल्या बजेटात या वादाला फारसा अर्थ नाही. ब्लूटूथचंही तसंच. घरात चांगला ब्लूटूथ स्पीकर आधीच असेल तर त्यावर ऐका, कोणी पोलिसात देणार नाही. पण ब्लूटूथ आहे म्हणून कमी दर्जाच्या कार्ट्रिजचं यंत्र घेऊ नका.

स्पीकर हा खर्च मात्र विसरला जातो. सगळं बजेट टर्नटेबलवर उडवलं आणि आवाज कुठून काढायचा हेच उरलं, असं फार वेळा होतं. घरात धूळ खात पडलेला स्टिरिओ किंवा होम थिएटर असेल आणि त्याला ऑक्सचं भोक असेल, तर पैसे वाचले. नसेल तर एकूण रकमेचा निदान तिसरा हिस्सा आत अँप्लिफायर असलेल्या स्पीकरच्या जोडीसाठी बाजूला काढा.

जुनं घ्यावं का?

घ्यावं, पण डोळे उघडे ठेवून. मुंबईत चोरबाजार, पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार, इथे यंत्रं दिसतात. सगळ्यात आधी नजर जाते ती चकचकीत पितळी कर्ण्याच्या ग्रामोफोनवर. त्यातले बरेच हल्लीच जोडलेले असतात: कुठल्यातरी जुन्या पेटीची मोटर, नवा कर्णा, वर कुत्र्याचं चित्र. दिवाणखान्यात शोभेला ठीक. त्यावर एलपी मात्र लावू नका. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहून जास्त वजन पोलादी पिनेवर टाकतो. लाखेची तबकडी ते सोसते, कारण तिच्यातली दगडाची पूड पिनेलाच घासून काढते. म्हणून तर दर तबकडीला पिन बदलायची पद्धत होती. एलपीची खाच पहिल्याच फेऱ्यात सपाट होईल.

त्यानंतर दिसतात एचएमव्हीचे फिएस्टा, कॅलिप्सो, फिलिप्सचे झाकणवाले प्लेयर. आठवणींमुळे मन ओढ घेतं. त्यांच्यात बहुधा क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असते. जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक वापरत, आणि हा क्षार दमट हवेत खराब होतो. कोकणात किंवा मुंबईत पन्नास पावसाळे काढलेल्या प्लेयरचा आवाज बसका येतो त्यामागे हे कारण असू शकतं. तबकाला घासून फिरवणारं रबरी चाकही कडक झालेलं असतं. हौस म्हणून दुरुस्त करा. रोजच्या ऐकण्याचं पहिलं यंत्र म्हणून नको.

घेण्यासारखं असतं ते सत्तर-ऐंशीच्या दशकातलं, मागे वजन फिरवता येणाऱ्या हाताचं जपानी किंवा युरोपी टर्नटेबल. सौदा बरा जमला तर नव्याच्या पैशात दुपटीचा माल हाती येतो. बघायला जाताना खराब झाली तरी चालेल अशी एक शास्त्रीय गायनाची एलपी बरोबर न्या. आधी यंत्र बंद ठेवून तबक हाताने फिरवा. ते गुळगुळीत, आवाज न करता थांबेपर्यंत फिरलं पाहिजे. हात दोन बोटांत धरून अगदी हलकेच हलवा; बुडाशी खडखड लागली तर बेअरिंग गेलंय, नमस्कार करून निघा. मग रेकॉर्ड लावा आणि गाण्याकडे लक्ष न देता मागच्या तानपुऱ्याकडे द्या. वेग डळमळत असेल तर षड्ज लाटेसारखा वर-खाली होतो, कान तयार नसला तरी कळतं. वेग मुळातच चुकीचा असेल तर मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावून पट्टी ताडून पाहा. वेगात तीन टक्के फरक पडला तर सूर अर्ध्या पट्टीने सरकतो. विक्रेता म्हणेल, "साहेब, बेल्ट बदलला की होईल." होईलही, पण तो बदलून घेऊनच पैसे मोजा. सुई कशी आहे हे तिथे कळणं अवघड, म्हणून नवी सुई लागणार हे धरूनच भाव करा, आणि त्या कार्ट्रिजची सुई आज मिळते का ते तिथल्या तिथे शोधून पाहा.

न्यू जर्सीचा चुलतभाऊ "माझ्याकडे गॅरेजमध्ये पडलंय, घेऊन येतो" म्हणाला तर लगेच हो म्हणू नका. तिथे वीज १२० व्होल्ट, इथे २३०. ते ट्रान्सफॉर्मर लावून निभावतं. खरी अडचण हर्ट्झची आहे. बेल्टच्या अनेक जुन्या यंत्रांत मोटर विजेच्या वारंवारतेवर चालते. अमेरिकेत ती ६०, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. त्यामुळे तिथे ३३ने फिरणारं तबक इथे मिनिटाला जेमतेम २८ फेरे घेतं, आणि काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारमध्ये, तीन पट्ट्या खाली, सर्दी झाल्यासारखी गायला लागते. मोटरच्या टोकाची पुली ५० हर्ट्झची मिळाली तर बदलता येते. ॲडॉप्टरवर चालणाऱ्या नव्या यंत्रांना हा त्रास नाही. ॲडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट छापलंय का तेवढं भावाला वाचून दाखवायला सांगा.

घरी आणल्यावर

टर्नटेबल सपाट जागी ठेवा. मोबाइलमधलं लेव्हल पुरेल. स्पीकर त्याच टेबलावर नकोत. त्यांची थरथर सुईपर्यंत पोचते आणि आवाज वाढवला की हूं असा घुमारा सुरू होतो. जुन्या लाकडी तक्तपोशीच्या घरात कोणी चाललं तरी सुई उडते. तिथे भिंतीत बसवलेली फळी उत्तम, नाहीतर यंत्राखाली कडप्प्याचा तुकडा आणि त्याखाली रबरी पाय. फरशीवाल्याकडे उरलेला कडप्पा नाममात्र पैशात मिळतो आणि महागड्या ऑडिओ स्टँडचं बरंचसं काम करतो. मंद घुंईं ऐकू येत असेल तर अर्थिंगची बारीक वायर जोडलेली आहे का पाहा आणि प्लग तीन पिनी सॉकेटमध्ये लावा.

वजन बसवायचं यंत्र असेल तर पद्धत अशी. मागचं वजन फिरवत हात हवेत तराजूच्या दांडीसारखा आडवा तरंगेल असं करा, तिथे आकड्यांची चकती शून्यावर आणा, मग कार्ट्रिजच्या कागदावर दिलेले ग्रॅम भरा. सुईच्या वजनाचा छोटा डिजिटल काटाही मिळतो, घेतला तर उत्तम. हलकं वजन म्हणजे रेकॉर्डवर दया असं समजून फार कमी ठेवू नका. सुई भिंतींवर आपटत जाते आणि जास्त इजा करते. हात आतल्या बाजूला ओढला जातो म्हणून अँटी-स्केटिंगचं बटण असतं. तेही साधारण तेवढ्याच आकड्यावर ठेवा.

बाजूचं शेवटचं गाणं थोडं फाटल्यासारखं वाटलं तर घाबरू नका. तबक तर एकाच गतीने फिरतं, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला पन्नासेक सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ जेमतेम वीस-एकवीस. तेवढ्याच सेकंदाचं गाणं निम्म्याहून कमी जागेत दाटलेलं असतं. गोल टोकाच्या स्वस्त सुईला ते पूर्ण वाचता येत नाही. लंबगोल टोकाची सुई इथे फरक दाखवते.

धुण्याबद्दल. एलपी आणि ईपीसाठी दर वेळी कार्बन फायबरचा ब्रश. फार मळलेली असेल तर बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, खाचेच्या दिशेने गोल, लेबल कोरडं ठेवून. काही जण पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात, एलपीला ते चालतं. ७८ला अल्कोहोल अजिबात नको. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते; पॉलिशवाले लाखदाणा स्पिरिटमध्ये टाकतात तोच प्रकार तुमच्या तबकडीवर होईल. पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते, तेव्हा रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, भिंतीला चिकटवून नको, आतल्या जुन्या पिशव्या काढून नव्या घाला. आडव्या गठ्ठ्यात खालच्या वाकतात.

दोन वेगांचंच यंत्र घेतलं आणि ट्रंकेत दहा-बारा ७८ निघाल्या, तर त्यांच्यासाठी नवं यंत्र घ्यायची गरज नाही. एलपी६०एक्सच्या सुईच्या जागी बसणारी जाड टोकाची सुई इतर कंपन्या करतात. ती लावून तबकडी ४५च्या वेगात वाजवायची, कॉम्प्युटरवर मुद्रित करायची आणि ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये वेग ४५वरून ७८वर न्यायचा. मुद्रण स्टिरिओत आलेलं असेल तर मोनो करा, खरखर आणखी उतरते. मुद्रित होताना ऐकलंत तर गायक गाळात रुतल्यासारखा वाटेल, तिकडे दुर्लक्ष करा. एकदा फाइल झाली की काकांना, आत्याला, न्यू जर्सीच्या भावाला पाठवता येते आणि मूळ तबकडीला पुन्हा हात लावावा लागत नाही. मग जाड सुई काढून डबीत ठेवायची, डबीवर मोठ्या अक्षरांत '७८' लिहायचं, आणि एलपीची सुई परत बसवल्याशिवाय यंत्राचं झाकण लावायचं नाही.